उंबऱ्यातलं ऊन

"त्या दिवशी सुकुमारदादा दापोलीला एकटेच होते," काचेपलीकडून ऋजुता म्हणाली, आणि काचेअलीकडे बसून मी दातओठ खाल्ले.

"पहाट सरली होती. मागे समुद्राचा आवाज होता. दादांनी दार उघडलं, आणि उंबऱ्यापाशी..." इथं ती थांबली. नेमकं कुठं थांबावं ते त्या बाईला जन्मतःच येत असावं. "उंबऱ्यापाशी ऊन थांबलेलं होतं. नवख्या पाहुण्यासारखं. आत यावं की आल्या पावली परत जावं, अशा विचारात पडलेलं."

तिच्यासमोर स्टुलावर बसलेल्या आमच्या ह्यांनी गिटारच्या दोन तारा हलकेच छेडल्या. माझ्या शेजारी बटणांपुढे इम्तियाज मुल्ला बसला होता. स्टुडिओ त्याचाच. तो डोळे मिटून "वा!" म्हणाला. मी डब्याची पिशवी मांडीवर आवळून बसले होते.

म्हणे दापोली! ते गाणं झालं तोवर ह्यांनी दापोली नकाशात पाहिली असेल तर असेल. गाणं झालं सांगलीत, आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. आणि उंबऱ्यात ऊन कसलं? उंबऱ्यात मी होते.

हे म्हणजे माझे यजमान, सुकुमार मगदूम. हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि उरलेल्या वेळात गिटारवर स्वतःची गाणी बांधून स्वतःच म्हणायचे. तबला नाही, पेटी नाही, मागे कोरस नाही. एक माणूस आणि एक गिटार. आमच्याकडच्या लोकांना सुरुवातीला ते काही झेपलं नाही. "सर, बाकीची मंडळी यायची आहेत का?" असं विचारायचे. मग 'उंबऱ्यापाशी' आलं आणि लोक विचारायचे थांबले.

उंबऱ्यापाशी ऊन थांबलंय,
आत यावं की जावं?
कुणी म्हणा ना त्याला, बस,
घोटभर पाणी प्यावं.

धृपद एवढंच. पण कॉलेजच्या पोरांपासून भिशीतल्या बायकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. एकदा तर भाजीवाली मला म्हणाली, "तुमच्या सरांचं ते उन्हाचं गाणं लई भारी बघा." उन्हाचं! मी मुकाट्यानं मेथी घेतली आणि घरी आले.

आता ऋजुता कानडे आमच्यात कशी आली तेही सांगते. ह्यांच्याकडे गिटार एकच, आणि जवळजवळ प्रत्येक गाण्याला तारा वेगळ्या लावायच्या. गाणं संपलं की हे मान खाली घालून खुंट्या पिळत बसायचे आणि सभागृहात लोक खोकायला लागायचे. आपल्याकडे गाण्याच्या कार्यक्रमाला निवेदन लागतंच. गाणं कसं सुचलं, कुठं सुचलं, गाणाऱ्यानं तेव्हा काय भोगलं, हे कुणीतरी गोड आवाजात सांगितल्याशिवाय आपल्या लोकांना गाणं लागत नाही. गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात मंडळानं तारा लावेपर्यंतची ती फट भरायला ऋजुताला उभी केली. कॉलेजात मराठी शिकवणारी, उंच, इरकल नेसणारी, आवाज तर असा की दुधाचा हिशोब वाचला तरी लोक गहिवरतील. तेव्हापासून ती आमच्याबरोबरच. हे खुंट्या पिळायचे, ती बोलायची.

आणि काय बोलायची! 'निळी फुलं' म्हणून ह्यांचं एक गाणं आहे. ऋजुता सांगायची, दादा भल्या पहाटे कासच्या पठारावर उभे होते, धुकं विरत गेलं आणि पायाशी निळी फुलं उमलली. लोक उसासे टाकायचे. खरी हकिगत अशी की आमच्याकडे गॅस संपला होता, सिलिंडर येता येत नव्हता, आणि मी स्टोव्हच्या धुरानं रडकुंडीला आले होते. शेवटी सिलिंडर आला. ह्यांनी शेगडी पेटवली आणि तिच्याकडे बघत बसले. "पद्मा, फुलं बघ," म्हणाले. मी म्हटलं, "फुलं नंतर, आधी कुकर ठेवते." हे झालं कासचं पठार.

दुसरं 'पाठमोरी'. ऋजुताच्या तोंडून ऐकाल तर नरसोबाच्या वाडीच्या घाटावर कुणी अनोळखी स्त्री पाठमोरी बसली होती, दादांना तिचा चेहरा कधी दिसलाच नाही. कार्यक्रम संपल्यावर लोक ह्यांना विचारायचे, कोण हो ती? हे नुसते हसायचे. ती अनोळखी स्त्री तिसऱ्या रांगेत बसलेली असायची. उतू गेलेल्या दुधाचं करपलेलं पातेलं घासत ओट्याशी उभी होती ती, आणि चेहरा दिसला नाही कारण तिनं ह्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

मी जळत होते. त्याला दुसरा शब्द नाही. दोघांत काही असेल असला संशय मला कधी आला नाही. आला असता तर सोपं होतं, भांडून मोकळी झाले असते. ऋजुता ह्यांना दादा म्हणायची आणि ते म्हणणं खरं होतं. माझं दुखणं निराळं होतं. ह्या बाईनं माझं सगळं आयुष्य उचलून त्या जागी समुद्र, धुकं आणि घाट ठेवले होते, आणि लोकांना तेच आवडत होतं. कार्यक्रम संपला की तिच्याभोवती गराडा पडायचा. मला कुणी विचारलंच तर, "वहिनी, स्वच्छतागृह कुठं आहे?"

तरी मी गिळत होते. स्टेजवर बोललेलं तिथंच विरतं, अशी मनाची समजूत घातली होती. पण इम्तियाजनं अल्बमची टूम काढली. नुसती गाणी नकोत, म्हणाला, बोलही हवेत. एक गोष्ट, एक गाणं, पुन्हा गोष्ट. कार्यक्रमात बसल्यासारखं वाटलं पाहिजे. सीडीचं नावही ठरलं, 'उंबऱ्यापाशी'. ह्यांनी मान डोलावली. म्हणजे आता दापोली कायमची झाली. उद्या माझी नात ती सीडी लावेल आणि तिला आजी सापडणारच नाही. त्या एका गाण्यापायी मी कुठं थांबले होते ते माझं मला ठाऊक. ते तरी माझ्या नावावर राहायला हवं होतं.

म्हणून त्या दिवशी डब्याचं निमित्त काढून मी कोल्हापूरला आले होते.

इम्तियाजचा स्टुडिओ राजारामपुरीत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, आणि खाली मिरचीचं कांडप. उन्हाळ्याचे दिवस, साऱ्या कोल्हापूरची चटणी तेव्हाच कुटून व्हायची. कांडप सुरू झालं की भिंती हादरायच्या, त्यामुळे इम्तियाजनं कांडपवाल्याशी गोडीगुलाबीनं वेळा ठरवून घेतल्या होत्या. ते थांबले की आमचं रेकॉर्डिंग, ते सुरू झाले की आमची विश्रांती.

ऋजुताचं वाक्य संपलं आणि खालून धाड धाड सुरू झालं.

"झालं," इम्तियाज म्हणाला. "चला, जेवून घेऊ. वहिनी, डब्यात काय आणलंय?"

"भडंग आणलंय. आणि थालीपीठ. तुम्हाला काय, दापोलीचे मासे हवे होते?"

इम्तियाजला काही कळलं नाही. ह्यांना कळलं. ते बाहेर येता येता दारातच जरा घोटाळले.

सतरंजीवर आम्ही चौघं जेवायला बसलो. मिरचीचा खाट वर येत होता आणि आळीपाळीनं सगळे शिंकत होते. ऋजुतानं थालीपिठाचा घास घेतला आणि म्हणाली, "वहिनी, काय सुरेख झालंय हो!"

एवढं निमित्त मला पुरलं.

"ऋजुता, एक विचारू? कुठून आणतेस गं ह्या गोष्टी?"

"कुठल्या वहिनी?"

"ह्याच. दापोली, कास, नरसोबाची वाडी. इतकी वर्षं ऐकतेय मी. संसार मी केला ह्यांच्याशी. ह्यातलं एकही कधी घडलेलं नाही. बोलायला बरं वाटतं म्हणून काहीही बोलायचं? स्टेजवर एक वेळ ठीक होतं. आता छापून काढताय!"

तिचा हात तसाच राहिला. ती आधी माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे बघायला लागली.

"पण वहिनी, ह्या गोष्टी मला दादाच देतात," ती म्हणाली. "मी फक्त जरा शब्द लावते. मला कसं कळणार गाणी कुठं झाली ते? मी कधी विचारलं नाही असं नाही. दादा म्हणायचे, असं असं सांग."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे थालीपिठाचा तुकडा दह्यात बुडवत होते. तो केव्हाचाच बुडाला होता.

"अहो, जरा बाहेर या."

जिन्याजवळच्या अरुंद गॅलरीत आम्ही उभे राहिलो. खाली पोत्यांतून मिरच्या ओतत होते. बोलायला आवाज चढवावा लागत होता, ते बरंच झालं.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"हं."

"माझी लाज वाटली? गॅसच्या शेगडीवर गाणं केलं, बायको पातेली घासते, हे सांगायला कमीपणा वाटला?"

"नाही गं." ते शिंकले. "लाज कसली?"

"मग काय?"

"इस्लामपूरचा कार्यक्रम आठवतो? तू नव्हतीस. ऋजुतापण नव्हती तेव्हा. तारा लावता लावता मीच बोललो. पाठमोरीचं खरं ते सांगितलं. दूध उतू गेलेलं, तुझा अबोला, सगळं. लोक काय हसले! नंतर एक बाई येऊन म्हणाल्या, तुमच्या मिसेसना दूध उतू घालवायची सवय दिसते."

"मग?"

"मग काय. घरी आलो. तू ओट्याशी उभी होतीस, पाठमोरीच. आणि पद्मा, मला तू दिसेनास. तो किस्साच दिसायला लागला. लोक कुठं हसले, कुठं हसले नाहीत, ते आठवायला लागलं." ते पुन्हा शिंकले. "मी घाबरलो. ठरवलं, हे असं विकायचं नाही. लोकांना गोष्ट हवी ना, देऊ दुसरी."

मला राग धरून ठेवायचा होता. पण तो हातातून निसटायला लागला आणि त्याचाही राग आला.

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, काही होत नाही, बोला बिनधास्त."

खरंच म्हणाले असते. मी विषय बदलला.

"आणि उंबऱ्यापाशी? त्यात मी आहे."

"आहेस की."

"मग जगाला कळू दे. बाकीची घ्या तुमची धुकी आणि घाट. हे एक मला हवंय. लोक त्याला उन्हाचं गाणं म्हणतात, मला ऐकवत नाही."

ते कठड्यावर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "मी नाही सांगणार. तुला वाटत असेल तर तू सांग. आत जाऊन बस आणि सांग."

"सांगते."

मला वाटलं होतं, ऋजुता आढेवेढे घेईल. निदान तोंड तरी पाडेल. तिनं ऐकलं आणि उठून माझे दोन्ही हात धरले. "वहिनी, मग तर तुम्हीच बोललं पाहिजे! मी कोण?" म्हणाली. मोठ्या मनाच्या माणसाचा हेवा करणं किती जड जातं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

कांडप थांबलं. मी त्या लहानशा खोलीत जाऊन बसले. पंखा बंद, दार बंद, माइकपुढे काळी जाळी, कानांवर ते जाडजूड हेडफोन. समोरच्या स्टुलावर हे गिटार घेऊन.

"वहिनी, आवाज बघतो. काहीतरी बोला," इम्तियाज कानात म्हणाला.

"काय बोलू?"

"सकाळी काय खाल्लं ते सांगा."

"उप्पीट."

"झकास. आता सुरू करा. घाई नाही."

ह्यांनी तारा छेडल्या. त्या धृपदाचेच सूर, अगदी हळू. मी काचेकडे पाहिलं. पलीकडे इम्तियाज आणि त्याच्या खुर्चीमागे ऋजुता. मी श्वास घेतला. इतक्या वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं, माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही.

"त्या दिवशी माझी बॅग भरून झाली होती," मी म्हणाले. "मी कायमची निघाले होते."

गिटार थांबली. मला वाटलं, मला मान द्यायला थांबली.

काचेपलीकडे इम्तियाजनं खुर्ची पुढे ओढली. आणि ऋजुताचे ओठ हलले.

आवाज येत नव्हता, नुसते ओठ. मी तिला इतकी वर्षं बघत होते, मला लगेच कळलं ती काय करतेय. वाक्य आवडलं की ती ते असंच तोंडातल्या तोंडात घोळवून बघायची. 'मी कायमची... निघाले होते.' कायमचीनंतर ती थांबत होती. मी थांबले नव्हते, आणि तिथं थांबणंच बरोबर होतं. पुढच्या कार्यक्रमात ती असं म्हणणार, 'त्या दिवशी वहिनींची बॅग भरून झाली होती,' आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल. माझ्यापेक्षा कितीतरी छान म्हणेल. इचलकरंजीत म्हणेल, कऱ्हाडला म्हणेल. मध्यंतरात बायका वडा खाता खाता म्हणतील, बाई गं, घर सोडून निघाली होती म्हणे.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं हो. वाईट काहीच नव्हतं त्या चेहऱ्यावर. पण कुणी आपलं कपाट उघडून आपली साडी अंगाला लावून आरशात बघावं, तसं मला झालं. आतापर्यंत मी जळत होते ते काहीच नव्हतं. ते बॅग भरणं माझं होतं. माझं एकटीचं.

"इम्तियाजभाई, हे पुसा," मी म्हणाले.

"का वहिनी? फार सुंदर सुरुवात..."

"पुसा. माझ्यादेखत."

त्यानं पुसलं. काचेतून मला पडदा दाखवला. तिथं आता नुसती सरळ रेघ होती.

"परत घेऊ?"

"घ्या."

ह्यांनी पुन्हा तारा छेडल्या. ह्या वेळी जरा अडखळत. आणि मी बोलायला लागले.

"जयसिंगपूरला आमच्या शेजारी चंपाक्का होत्या," मी म्हणाले. "त्या कधी आमच्या घरात आल्या नाहीत. यायच्या उंबऱ्यापर्यंत. आई म्हणायची, आक्का, आत या की. त्या म्हणायच्या, नको गं, वेळ कुठाय, चूल पेटती ठेवून आलेय. आणि तासभर तिथंच उभ्या. सगळ्या गल्लीच्या बातम्या उंबऱ्यावर. कोवळं ऊन पाठीशी घेऊन उभ्या असायच्या, म्हणून त्यांचा चेहरा कधी नीट दिसायचा नाही, नुसती सोनेरी कड दिसायची. आई पाण्याचा तांब्या पुढे करायची. त्या घोटभर प्यायच्या आणि म्हणायच्या, आता खरंच निघते. लग्नानंतर मी ह्यांना त्यांच्याबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं तयार होतं."

जयसिंगपूरला आमच्या शेजारी एका बाजूला पिठाची गिरणी होती आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जागा.

ह्यांना ते माहीत होतं. सासुरवाडीच ती त्यांची. मी चंपाक्कांच्या पाठीला ऊन लावलं तेव्हा त्यांनी एकदा वर पाहिलं, मग मान गिटारवर घातली. पण हसले नाहीत. मला वाटलं होतं, हसतील.

बाहेर आले तर ऋजुता पदरानं डोळे पुसत होती.

"वहिनी, इतकी वर्षं का नाही सांगितलंत? मी मूर्खासारखी दापोली, दापोली... चंपाक्का आहेत अजून?"

"गेल्या," मी म्हटलं. जन्माला घालून पाव घटकाही झाली नव्हती, पण आणखी चौकश्या नको होत्या.

पुढं सीडी निघाली. लोकांना आवडली, आणि सगळ्यांत जास्त आवडल्या चंपाक्का. इचलकरंजीला एक गृहस्थ भेटले, त्यांनी तर चंपाक्कांना लहानपणी पाहिलं होतं म्हणे. नाकात चमकी होती, असंही सांगितलं. ऋजुता आता स्टेजवर चंपाक्का सांगते. मी बोलले त्याच्या दसपट सरस सांगते, आणि मी तिसऱ्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवते. तिच्याशी माझं आता उत्तम जमतं. मुलीच्या लग्नात माझ्या बरोबरीनं राबली ती.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही दोघं आमच्या जुन्या मारुतीतून सांगलीला निघालो तेव्हा उन्हं कलली होती. मी खुशीत होते. डबे रिकामे, मन हलकं, आणि ऋजुताला नवी गोष्ट देऊन जुनी वाचवल्याचा गर्व. हातकणंगलं गेलं, जयसिंगपूर गेलं, तरी हे एक शब्द बोलले नाहीत. गाणं घोळत असेल डोक्यात, म्हणून मीही बोलले नाही. ते नेहमीचंच.

अंकलीचा पूल दिसायला लागला तेव्हा ते म्हणाले, "कायमची?"

"काय?"

"मघाशी म्हणालीस. कायमची निघाली होतीस."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला वाटलं, प्रमिलाच्या डोहाळजेवणाला चाललीयस."

प्रमिला माझी धाकटी बहीण. तिचं डोहाळजेवण होतं खरं, पण पुढच्या महिन्यात होतं.

त्या दिवसांत घरात बोलणं असं उरलंच नव्हतं. हे शाळेतून यायचे, गिटार घ्यायचे, मी ताट वाढून ठेवायचे. मी आहे की नाही ह्यानं त्या दोन खोल्यांत काही फरक पडत नाही, असं माझं पक्कं झालं होतं. बॅग भरली, चपला घातल्या, उंबऱ्यात आले. आणि मागून ते सूर आले. कुणी म्हणा ना त्याला, बस. मी तिथंच टेकले. ते ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते, सुधारत होते, आणि मला वाटत होतं, ह्या माणसाला तोंडानं 'थांब' म्हणता येत नाही, म्हणून तो गाऊन म्हणतोय. गाडीची वेळ गेली. ह्यांनी वर पाहून विचारलं, "गेली नाहीस?" मी म्हटलं, "गाडी चुकली." त्या एका ओळीवर मी सगळा संसार केला होता.

"मग ते गाणं कुणासाठी होतं?" मी विचारलं.

त्यांनी गिअर बदलला.

"ऊन आलं होतं गं उंबऱ्यात," ते म्हणाले. "तू मधे उभी होतीस. म्हणून त्याला आत येता येईना."

म्हणजे भाजीवाली बरोबर होती. सगळी दुनिया बरोबर होती. मी इतकी वर्षं उन्हाच्या गाण्यावर हक्क सांगत आले होते, आणि त्यात मी होते ती वाटेतली अडगळ म्हणून. मला हसू येत होतं. त्या उन्हाचासुद्धा हेवा वाटला मला. त्याला 'बस' म्हणाले होते ते.

पूल सुरू झाला. खाली कृष्णेचं पाणी अगदी तळाला गेलेलं.

"मला कळलं असतं ना," ते एकदम म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा होता, "तर गाणं-बिणं काही झालं नसतं. गिटार ठेवली असती खाली. हाताला धरून आत आणून बसवली असती तुला."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. ज्या बाईला हाताला धरून आत बसवलं असतं, ती मला त्या वेळी डोळ्यांसमोर दिसली. तिच्या नावावर गाणं नव्हतं, सीडी नव्हती, तिला कुणी ओळखत नव्हतं. आयुष्यात मी कुणावर जळले नसेन इतकी तिच्यावर जळले.

"मग धरा की आता," मी म्हटलं.

"आता? आता कुठं निघालीयस?"

"तुम्हाला काय माहीत," मी म्हटलं.

पूल संपताच ह्यांनी गाडी बाजूला घेतली.